विश्लेषण : घरदुरुस्ती स्वतःच्या हाताने, पण कुठवर? फरशी, ओल, वायर आणि भिंत यांचे गणित काय?

दिवाळीच्या तोंडावर घराघरांत ड्रिल मशीनचा आवाज सुरू झाला आहे. २०२५ मध्ये मुंबईत पाऊस २६ मे रोजीच दाखल झाला. ११ जून या नेहमीच्या तारखेपेक्षा तो १६ दिवस आधी आला आणि मे महिन्याच्या अखेरीस उरकायची म्हणून ठेवलेली दुरुस्तीची कामे तशीच राहिली. आता भिंतींना पोपडे आले आहेत, सिमेंटवरचा जीएसटी कमी झाला आहे, ड्रिल मशीन मोबाइलवरून मागवले की काही मिनिटांत दारात येते आणि कसे करायचे ते दाखवणारे व्हिडीओ फुकट आहेत. घराची कामे स्वतः करण्याचा किंवा नाक्यावरून माणूस आणून स्वतः उभे राहून करून घेण्याचा उत्साह वाढावा असेच हे सारे आहे. मात्र त्याच वर्षी कल्याणमध्ये एका घरातील फरशीच्या कामाने सहा जणांचा बळी गेला. त्यामुळे घरातील कोणते काम आपले आणि कोणते आपले नाही, हे नीट समजून घ्यायला हवे.

कल्याणमध्ये काय घडले?

२० मे २०२५ रोजी दुपारी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी या इमारतीत चौथ्या मजल्यावरील एका घरात फरशी बसवण्याचे काम सुरू होते. त्या वेळी तेथील स्लॅब कोसळला. तो तिसऱ्या मजल्यावर थांबला नाही. एकामागून एक मजल्यांचे स्लॅब फोडत ढिगारा थेट तळमजल्यापर्यंत गेला. सहा जणांचा मृत्यू झाला, त्यात एक लहान मूलही होते. नंतर घरमालकावर गुन्हा दाखल झाला.

या घटनेत कुणी खांब तोडला नव्हता, मजला चढवला नव्हता. फरशी बदलणे हे दुरुस्तीतील सर्वात साधे काम समजले जाते. रंग, गिलावा, फरशी, नळांची दुरुस्ती यांसाठी साधारणपणे महापालिकेची बांधकाम परवानगीही लागत नाही. मुंबईत अशा कामांना ‘टेनेंटेबल रिपेअर्स’ म्हणतात. म्हणजे कागदोपत्री निरुपद्रवी असलेले काम जुन्या इमारतीत जीवघेणे ठरू शकते.

याआधीचे ठळक उदाहरण घाटकोपरचे. २५ जुलै २०१७ रोजी सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तिथे तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम सुरू होते आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. तळमजल्यावरच्या खांबाचे महत्त्व कुणालाही कळते. फरशीचे तसे नसते.

फरशीचे वजन इतके महत्त्वाचे का?

कारण ते कुणी मोजत नाही. जुनी फरशी न काढता त्यावरच नवी बसवली तर धूळ कमी होते, खर्च वाचतो आणि काम दोन दिवसांत उरकते. पारंपरिक पद्धतीत फरशीखाली वाळू-सिमेंटचा साधारण दोन इंचांचा थर असतो. एक चौरस मीटरला या थराचे वजन सुमारे १०० किलो भरते. वरची टाइल २० किलोच्या आसपास. दहा बाय दहा फुटांची खोली म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. तेव्हा एका छोट्या खोलीत अकराशे किलोंची भर पडली. एक छोटी मोटार त्या खोलीत कायमची उभी केल्यासारखे हे आहे.

आता दुसरी बाजू. राहत्या घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये माणसे, कपाटे, पलंग असा सगळा वापराचा भार धरून चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो, एवढा हिशेब धरला जातो. फरशीच्या एका जादा थराने त्यातला निम्म्याहून अधिक वाटा खाल्ला. इमारतीच्या आयुष्यात एकाच घरात असे दोनदा झाले, तर पुढचे सांगायला नको. स्लॅब नवा आणि नीट बांधलेला असेल तर तो सुरक्षिततेच्या राखीव क्षमतेवर तग धरतो. तीस वर्षांच्या इमारतीत आतील सळया गंजून फुगलेल्या असतात, त्यांच्याभोवतीचे काँक्रीट सुटलेले असते. राखीव क्षमता तिथे आधीच संपलेली असते.

काम सुरू असतानाचा भार तर याहून वाईट. सिमेंटची गोणी ५० किलोंची. मजूर त्या गोण्या, वाळू आणि टाइलची खोकी येण्याजाण्याची सोय म्हणून खोलीच्या मधोमध रचतात आणि स्लॅब वाकण्याच्या दृष्टीने तीच सर्वात नाजूक जागा. त्यातच जुनी फरशी काढण्यासाठी ब्रेकर मशीन चालवले जाते. त्याचे हादरे खालच्या घरातल्या पोपडे आलेल्या छताला बसतात. खालच्या मजल्यावरून कुणी ‘वरून माती पडतेय’ अशी तक्रार केली, तर ती शेजारधर्माची कुरबुर समजू नये. काम तिथेच थांबवून छत पाहून यावे.

यावर उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. जुनी फरशी आणि तिच्याखालचा थर काढूनच नवी बसवावी. काढायचीच नसेल तर टाइल अॅडेसिव्ह वापरावे. त्याचा थर काही मिलिमीटरचा असतो आणि टाइलसह एकूण भार चौरस मीटरला २५ ते ३० किलोंवर राहतो. अर्थात हेही एकदाच, आणि छत शाबूत असलेल्या इमारतीतच. सामान भिंतीच्या कडेने, थोडे थोडे पसरून ठेवावे. राडारोडा रोजच्या रोज खाली न्यावा. ब्रेकरऐवजी छिन्नी-हातोडा वापरायला सांगितले तर मजूर कुरकुर करतील, एक दिवस जास्त मागतील. तो द्यावा.

गच्चीवरही हेच घडते. गळती थांबत नाही म्हणून जुन्या कोब्यावर नवा ब्रिकबॅट कोबा घातला जातो. चार-पाच इंचांच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला २०० किलोंच्या घरात जाते. गच्चीवर दोन-तीन कोबे एकावर एक चढलेल्या इमारती मुंबई-ठाण्यात शोधाव्या लागत नाहीत.

कोणती भिंत तोडता येते?

याचे उत्तर इमारत कशी बांधली आहे यावर अवलंबून आहे. महाराष्ट्रातील शहरांत ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. जुन्या चाळी, वाडे आणि दोन-तीन मजली इमारती बहुतेकदा विटांच्या किंवा दगडांच्या भारवाही भिंतींवर उभ्या आहेत. तिथे भिंत हाच खांब. दार रुंद करण्यासाठी फूटभर भिंत काढणेही धोक्याचे.

दुसरा प्रकार खांब-तुळयांच्या सांगाड्याचा. साठ-सत्तरच्या दशकापासूनच्या बहुतांश सोसायट्या यात मोडतात. त्यांत खोल्यांमधील चार इंची भिंती केवळ आडोसा असतात आणि अभियंत्याला विचारून त्या हलवता येतात. मात्र खांब आणि तुळई यांना छिद्रही पाडू नये. एसीचा पाइप नेण्यासाठी तुळईला भोक पाडताना सळई कापली जाते. बाहेरून काहीच दिसत नाही, पण नुकसान झालेले असते.

तिसरा प्रकार नव्या टॉवरचा. अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्र काँक्रीटमध्ये ओतले जातात. बिल्डर आणि गवंडी याला ‘मायव्हान’ म्हणतात. इथे बहुतेक भिंती काँक्रीटच्या आणि भारवाहीच असतात. नव्या घरात राहायला जाणाऱ्यांना याची कल्पना नसते. वायर दडवण्यासाठी ते कटरने भिंतीत चर मारायला सांगतात, सळई लागली की कारागीर तीही कापतो. अशा घरात वायर नव्या ठिकाणी न्यायची असेल तर ती पट्टीतून भिंतीवरूनच न्यावी. दिसायला थोडे कमी देखणे, पण दुसरा मार्ग नाही.

आपली इमारत कोणत्या प्रकारची, हे सोसायटीकडच्या मंजूर नकाशांवरून किंवा संरचनात्मक तपासणीच्या अहवालावरून कळते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी व्हायला हवी. मुंबईत ३० वर्षांपुढील इमारतींसाठी पालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नेही ती बंधनकारक केली आहे. अहवाल मागण्याचा सदस्याला हक्क आहे. फरशी बदलण्याआधी तो वाचावा, हे कुणीच सांगत नाही.

ओल आली, तर आधी काय करावे?

पुट्टी मारू नये. पावसानंतर पोपडे खरवडून, पुट्टी भरून, वर ‘डॅम्प-प्रूफ’ म्हणून विकला जाणारा रंग लावण्याची घाई बहुतेक घरांत होते. आत पाणी असलेल्या भिंतीवर हा थर टिकत नाही. पुढच्या पावसाळ्यात तो पापुद्र्यासारखा सुटतो. दुरुस्तीतले सर्वात मोलाचे काम निदानाचे असते आणि ते घरमालक स्वतः, कोणत्याही हत्याराविना करू शकतो. किंबहुना तोच करू शकतो, कारण भिंतीकडे वर्षभर पाहणारा तोच असतो.

पहिला प्रश्न वेळेचा. डाग फक्त पावसात ओला होत असेल तर पाणी बाहेरच्या भिंतीतून, खिडकीच्या चौकटीतून किंवा गच्चीतून येते. बारमाही ओला असेल तर संशय वरच्या घरातल्या बाथरूमवर किंवा भिंतीतल्या पाइपवर. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल असेल, पांढरा लोणा धरला असेल, तर तळमजल्यावर पायातून वर चढणारे पाणी असण्याची शक्यता जास्त.

दुसरी चाचणी प्लास्टिकची. डागावर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून २४ तास ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या हवेतली वाफ आहे. मग खिडकी उघडणे आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा लावणे एवढ्यावर भागते. भिंतीला भिडवून ठेवलेल्या कपाटामागच्या बुरशीचे कारण अनेकदा इतकेच निघते.

तिसरी चाचणी वरच्या घराच्या संमतीने. बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून दोन इंच पाणी २४ तास साठवावे. खाली गळती वाढली तर दोष जमिनीत किंवा ट्रॅपच्या सांध्यात आहे. वाढली नाही तर पाणी पाइपातून येत असावे. भिंतीतल्या नळाच्या पाइपसाठी घरातले सगळे नळ बंद करून मीटर फिरतो का ते पाहावे. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून दहा-पंधरा मिनिटे न वापरता ठेवावी. भांड्यात रंग उतरला तर टाकीची रबरी झडप गळते आहे. ती बदलणे हे घरच्या घरी होणारे काम.

यातून काय साधते? बाथरूमची सगळी फरशी फोडण्याची वेळ टळू शकते. गळतीचा उगम अनेकदा नहाणी ट्रॅपभोवतीच्या वीतभर जागेत असतो. तेवढीच जागा फोडून सांधा दुरुस्त करणे आणि संपूर्ण बाथरूम नव्याने बांधणे यांच्या खर्चात कैक पटींचा फरक आहे. ठेकेदाराला कोणते काम सुचवणे परवडते, हे सांगायला नको. टाइलच्या सांध्यांत नवे ग्राउट भरणे हे घरी करण्याजोगे आणि उपयोगाचे आहे. पण ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. पाणी अडवणारा थर टाइलच्या खाली असतो.

विजेच्या कामात मर्यादा कुठे?

इथे कायद्याने स्वतःच रेषा आखून दिली आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील नियम ४५ नुसार दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणे बदलणे, म्हणजे ज्याने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही तेवढे काम, सोडून बाकी सर्व काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायचे आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमावलीतही हीच रेषा कायम आहे. थोडक्यात, जुना स्विच काढून तसाच नवा बसवणे चालेल. नवा पॉइंट काढणे, गीझरसाठी वायर ओढणे, बोर्ड हलवणे चालणार नाही.

‘वायरमन तरी कुठे परवाना दाखवतो’, हा प्रश्न रास्त आहे. मागितल्याशिवाय कुणी दाखवत नाही आणि मागणारेही थोडेच. पण रेषेमागचे कारण समजून घ्यावे. दोन किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर वीज खेचतो. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डावर तो चालवला तर आधी प्लग गरम होतो, मग वितळतो. एमसीबी वारंवार पडते म्हणून १६ अँपिअरच्या जागी ३२ अँपिअरची बसवण्याची सूचना व्हिडीओंत आणि इमारतींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर्रास दिली जाते. एमसीबी वायरीला वाचवण्यासाठी असते. मोठी बसवली की ती पडायची थांबते आणि भिंतीतली अडीच मिमीची वायर जळू लागते.

एमसीबी माणसाला वाचवत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. त्यासाठी आरसीसीबी हवी. घरगुती वापरात ती ३० मिलीअँपिअरची असावी. तिच्यावर चाचणीचे एक छोटे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे, पुरवठा तत्काळ बंद व्हायला हवा. नाही झाला तर वायरमनला बोलवावे. घरातील विद्युत सुरक्षेसाठी याहून सोपे आणि फुकटचे दुसरे काम नाही.

आणखी एक धोका खास आपल्याकडचा. मेन स्विच बंद केला म्हणून निर्धास्त होऊन पंखा उतरवायला घेतात, पण घरात इन्व्हर्टर असतो. मेन बंद होताच तो त्याच तारांत वीज सोडतो. त्यामुळे इन्व्हर्टरही बंद करून, बॅटरीपासून सोडवून, टेस्टर लावून खात्री केल्याशिवाय तारेला हात लावू नये. टेस्टरही आधी चालू सॉकेटमध्ये तपासून घ्यावा.

मग स्वतः करण्यासारखे उरते काय?

बरेच काही. चूक झाली तर ती डोळ्यांना दिसते, आपल्याच घरात राहते आणि पुन्हा करता येते, अशी सगळी कामे. गळणाऱ्या नळाचा वायसर किंवा आतले कार्ट्रिज बदलणे. खिडकीच्या चौकटीभोवती जुने सिलिकॉन काढून नवे भरणे. पृष्ठभाग कोरडा नसेल तर ते चिकटत नाही, म्हणून हे काम पावसाळ्याआधीचे. बिजागऱ्या, कड्या, जाळ्या, पडद्यांचे दांडे. पावसात फुगलेले दार रंध्याने लगेच तासू नये, एवढे सांगावेसे वाटते. डिसेंबरात ते आपोआप आक्रसते आणि मग फट पडते.

रंगकाम हे या यादीतले सर्वात मोठे आणि समाधान देणारे काम. त्यात कष्ट रंग लावण्याचे नसतात, खरवडण्याचे आणि घासण्याचे असतात. जुन्या इमारतींत इथे एक सावधगिरी हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमपर्यंत मर्यादित केले गेले. त्याआधीच्या तैलरंगांत, विशेषतः दारे-खिडक्या आणि ग्रिलवरच्या थरांत, शिसे असू शकते. कोरड्या पॉलिश पेपरने ते घासले की धूळ श्वासातून जाते आणि जमिनीवर बसते. रांगत्या मुलांना तिचा धोका सर्वाधिक. पाणी लावून घासावे, मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावे, खोली झाडू नये तर ओल्या फडक्याने पुसावी. टाइल किंवा ग्रॅनाइट कापताना उडणारी धूळ सिलिकाची असते. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही, एन-९५ मास्क लागतो. घरी येणाऱ्या कारागिरालाही तो द्यावा. त्याला ही धूळ रोज खावी लागते.

भिंतीला छिद्र पाडताना स्विचबोर्डच्या आणि नळाच्या सरळ वर-खाली ड्रिल लावू नये, कारण वायर आणि पाइप बहुधा त्याच रेषेत गेलेले असतात. गॅसच्या बाबतीत मात्र काहीही स्वतः करू नये. सिलिंडरची सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलायची असते आणि ती भिंतीत किंवा फर्निचरमागे झाकायची नसते. गॅसचा वास आला तर १९०६ हा क्रमांक आहे. पाइप गॅसची नळी स्वयंपाकघराच्या नव्या ट्रॉल्यांच्या आड दडवणारे सुतार कमी नाहीत. त्यांना अडवणे हे घरमालकाचे काम.

गावाकडे स्वतंत्र घर असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शौचालयाच्या टाकीत कितीही किरकोळ काम असले तरी उतरू नये, कुणाला उतरवूही नये. आतला वायू काही क्षणांत माणसाला बेशुद्ध करतो आणि त्याला काढायला गेलेलाही आत राहतो. टाकी रिकामी करण्यासाठी यंत्र मागवण्याचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४४२० आहे.

परदेशात सगळे स्वतः करतात, मग आपल्याकडे का नाही?

अमेरिका-ब्रिटनमधले नातेवाईक स्वतः भिंती रंगवतात, फर्निचर जोडतात, याचे कौतुक आपल्याकडे होते. त्यामागे मुख्यतः महाग मजुरी आहे. शिवाय तिथली अनेक घरे स्वतंत्र, लाकडी सांगाड्याची असतात. आपला स्लॅब खालच्याचे छत असतो. आयकियाने ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादला भारतातले पहिले दालन उघडले तेव्हा ग्राहकाने स्वतः जोडायच्या फर्निचरसाठी जगप्रसिद्ध असलेल्या या कंपनीला जोडणीची सेवा देण्यासाठी अर्बनक्लॅपशी भागीदारी करावी लागली. आता अर्बन कंपनी या नावाने ओळखली जाणारी तीच कंपनी सप्टेंबर २०२५ मध्ये शेअर बाजारात दाखल झाली. हातकाम करून देणाऱ्या माणसांची मागणी आपल्याकडे किती आहे, हे यातून दिसते.

पण स्वतः करणे आपल्याला परके होते असेही नाही. कोकणात आणि गोव्यात मृगाआधी घर शाकारणे हे घरच्यांचेच काम होते. फुटकी कौले बदलायची, सरकलेली नीट बसवायची, वळचणी पाहायच्या. जमीन सारवणे, भिंत लिंपणे, पडवीला झडपे बांधणे ही कामे कुणी कंत्राटाने देत नसे. त्या घरात सगळे डोळ्यांसमोर होते. वासा कुजला तर दिसे. सुतार, लोहार यांचे कसब मात्र जातीत बांधलेले राहिले आणि शहरातल्या पांढरपेशा घरांनी हाताने करायची कामे कमी प्रतीची ठरवली. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सप्टेंबर २०२३ पासून १८ पारंपरिक व्यवसायांना प्रशिक्षण, १५ हजार रुपयांपर्यंतची अवजारे आणि स्वस्त कर्ज दिले जाते. गवंडी, सुतार, कुलूपवाले त्यात आहेत. प्लंबर आणि वायरमन नाहीत. आजच्या घराला ज्यांची सर्वाधिक गरज आहे, ते पारंपरिक यादीत कुठून असणार?

जीएसटी कपातीने किती फरक पडेल?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. ३५० रुपयांना मिळणारी गोणी त्या हिशेबाने सुमारे २७ रुपयांनी स्वस्त व्हायला हवी. एका बाथरूमला दहा-बारा गोण्या लागल्या तरी तीनशे रुपये वाचतील. रंग आणि टाइल १८ टक्क्यांवरच आहेत. घरदुरुस्तीच्या खर्चात मोठा वाटा मजुरीचा असतो. तेव्हा कर घटला म्हणून काम काढण्यात अर्थ नाही.

खर्च कुणी करायचा आणि परवानगी कुणाची?

स्वतःच्या खिशातून दुरुस्ती करण्याआधी ती आपली जबाबदारी आहे का, हे पाहावे. इमारत नवी असेल तर रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत आढळलेला बांधकामाचा किंवा दर्जाचा दोष बिल्डरने कळवल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा आहे. या काळात स्वतः फोडाफोड केली तर दोष नेमका कुणाचा, यावर वाद घालायला बिल्डरला निमित्त मिळते. आधी लेखी तक्रार, फोटो, मग बाकीचे.

जुन्या सोसायटीत गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपमधून येणाऱ्या गळतीची दुरुस्ती आदर्श उपविधींनुसार सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते. वरच्या मजल्यावरच्या छताचा गिलावा गच्चीच्या गळतीने पडला तर तोही. घराअंतर्गत शौचालय, सिंक यांची गळती संबंधित सदनिकाधारकाची. म्हणून वर सांगितलेली निदानाची चाचणी महत्त्वाची ठरते. वाद ‘तुमच्यामुळे की आमच्यामुळे’ इथे अडकतो, तेव्हा दोन्ही घरे आणि समितीचा एक सदस्य यांच्यासमोर केलेल्या पाण्याच्या चाचणीइतका पुरावा दुसरा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखालच्या भाडेकरूंना कलम १४ चा आधार आहे. मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच.

परवानगीचे म्हणाल तर, सदनिकेत कोणतीही भर किंवा बदल करण्याआधी सोसायटीच्या समितीची लेखी संमती उपविधींनुसार आवश्यक आहे. आज बहुतेक सोसायट्या या अर्जावर अनामत रक्कम, कामाच्या वेळा आणि लिफ्टमधून सामान नेऊ नये एवढेच लिहून घेतात. दुपारी दोन ते चार आवाज नको, हा नियम काटेकोर पाळला जातो. जुनी फरशी काढणार की त्यावरच बसवणार, किती गोण्या एका वेळी वर नेणार, भिंतीत चर मारणार का, हे विचारणारा रकाना क्वचितच असतो. तो छापून घ्यायला समितीला कोणत्याही खात्याची मंजुरी लागत नाही. जुन्या इमारतीत फरशीचे काम निघाले तर अर्जासोबत संरचना अभियंत्याचे एक पत्र मागावे आणि काम सुरू होण्याआधी खालच्या घराचे छत समितीने पाहून त्याचे फोटो काढून ठेवावेत. राडारोड्यासाठी मुंबईत पालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. तो नाल्याकडेला किंवा खारफुटीत टाकणाऱ्या टेम्पोला देण्याची गरज नाही.

आणि घरात काम सुरू असेल तर मोबाइलचा एक उपयोग जरूर करावा. चर बुजवण्याआधी, गिलावा चढण्याआधी, प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा. शेजारी मोजपट्टी लावलेली असावी, म्हणजे पाइप आणि वायर जमिनीपासून व कोपऱ्यापासून किती अंतरावर आहेत ते कळेल. हे फोटो घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावेत. पुढचे छिद्र पाडताना आणि घर विकल्यावर पुढच्या मालकालाही ते लागतील.